महागडे सायकल-सामान: पैसा कुठे लावायचा, कुठे हात आखडायचा

सायकलचे सामान विकले जाते ग्रॅम आणि वॉटच्या भाषेत. चालवणाऱ्याच्या तक्रारी मात्र वेगळ्याच असतात: बूड दुखते, बोटे बधिर होतात, सारखे पंक्चर होते, चढावर चेन उडी मारते. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी तक्रारींची यादी करा. कागदावर डावीकडे तक्रार लिहा आणि तिच्यासमोर तीन रकाने आखा: फुकटात काय करता येईल, थोड्या पैशांत काय होईल आणि भरपूर पैसे घातले तर काय मिळेल. तिसऱ्या रकान्यापर्यंत जायची वेळ फार थोड्या तक्रारींवर येते. ज्या वस्तूसमोर तक्रारच लिहिता येत नाही ती हौस. हौस जरूर करावी, फक्त ती गरजेच्या खात्यात मांडू नये.

किमतीची शिडी बहुतेक वस्तूंची सारखीच असते. तळाच्या पायरीवरून मधल्या पायरीवर आलात की वस्तू नीट काम करते आणि टिकते. मधल्यावरून वर गेलात की ती मुख्यतः हलकी होते. अगदी वरच्या पायरीवर तर वजन उतरवण्याच्या नादात काही भाग लवकर झिजतात. शिमानो कंपनीच्या सर्वांत वरच्या ड्युरा-एस संचातली कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) पाहा: तिच्यातल्या मोठ्या चकत्या टायटॅनियमच्या असतात. त्या स्टीलपेक्षा हलक्या, पण आयुष्याने कमी. शर्यतीतल्या संघाला ती कॅसेट कोणीतरी पुरवते, आपल्याला ती विकत घ्यावी लागते.

आधी दोन हिशेब

पहिला वजनाचा. स्वार, सायकल, कपडे, पाणी मिळून ८० किलो धरा. त्यातून १ किलो कमी केला तर वजन सव्वा टक्का घटले. ७ टक्के चढावर तासभराची चढाई असेल, तर त्याने साधारण ४० सेकंद वाचतात. मधल्या दर्जाचा गिअरसंच आणि सर्वांत वरचा गिअरसंच यांत अर्ध्या किलोच्या आसपास फरक असतो. म्हणजे तासाच्या चढावर २० सेकंद. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली तेवढ्याच वजनाची असते. सपाट रस्त्यावर हा फरक जवळजवळ शून्य. ‘चाकावरचे वजन दुप्पट मोजायचे’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. वेग वाढवताना, तेही रिमच्या आणि टायरच्या वजनापुरते, ते बरोबर आहे. एकसारख्या वेगाने चढताना चाकावरचा ग्रॅम आणि खिशातला ग्रॅम सारखाच.

दुसरा हवेचा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ब्रेकच्या हुडांवर (लिव्हरच्या रबरी मुठींवर) हात ठेवून बसलेल्या मध्यम बांध्याच्या स्वाराला ताशी २० किलोमीटरला साधारण ३७ वॉट हवेपायी खर्चावे लागतात. ३० किलोमीटरला तोच आकडा १२५ वर जातो. या विरोधाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्वाराच्या शरीराचा असतो, सायकलचा नव्हे. कोपरे वाकवून पाठ खाली आणली तर ३० च्या वेगाला १० ते १५ वॉट वाचतात, तेही फुकटात. अंगाबरोबर बसणारा, न फडफडणारा शर्ट त्याच्या खालोखाल. उंच कडेच्या कार्बन चाकांचा नंबर त्यानंतर लागतो. तुमचा नेहमीचा वेग २० ते २२ असेल तर हवेच्या नावाखाली विकली जाणारी कुठलीही वस्तू घेऊ नका.

टायर: इथे पैसे लावा

एकाच वस्तूवर जास्त खर्च करायची मुभा असेल तर ती टायर असावी. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात ताकद वाया जाते. जाड, कडक भिंतींच्या टायरचा लोळण-विरोधांक (फिरताना तो किती ताकद खातो याचे माप) ०.००८ च्या आसपास असतो, चांगल्या लवचीक टायरचा ०.००५ किंवा त्याहून कमी. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, वेग ताशी २५ किलोमीटर धरला तर पहिला टायर सुमारे ४६ वॉट खातो, दुसरा २९. त्या वेगाने सपाटीवर एकूण ताकद शंभर-सव्वाशे वॉटच लागते, तेव्हा १७ वॉटची बचत मोठी आहे. एवढी बचत सायकलचा दुसरा कोणताही भाग बदलून इतक्या कमी खर्चात होत नाही.

निवडताना घडी होणारा टायर घ्या, तारेच्या कडेचा नको. जाळीचा विणकाम-आकडा (टीपीआय, म्हणजे दर इंचातले धागे) दर थराला ६० किंवा जास्त असावा आणि तुडवणीखाली पातळ पंक्चररोधक पट्टी असावी. सर्वांत वरचे शर्यतीचे टायर मात्र टाळा: त्यांचे रबर पातळ असते, बाजूच्या भिंती खडीने लगेच चिरतात आणि फायदा मधल्या टायरच्या मानाने दोन-चार वॉटांचाच. रुंदी फ्रेमला आणि ब्रेकला बसेल तितकी जास्त घ्या. रस्त्यासाठी २८ ते ३२ मिलिमीटर उत्तम. टायर आणि फ्रेम यांच्यात सगळीकडून किमान ४ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. छापलेल्या रुंदीवर विसंबू नका. रुंद रिमवर २८ चा टायर ३० भरतो, म्हणून हवा भरून व्हर्नियरने मोजा.

चांगला टायर घेऊन त्यात दगडासारखी हवा भरली तर सगळा खर्च पाण्यात. खडबडीत रस्त्यावर जास्त हवेचा टायर उसळतो आणि उसळण्यातली ताकद तुमच्याच पायांतून जाते. ७० किलोच्या स्वारासाठी २८ च्या टायरला मागे ७०, पुढे ६५ पीएसआय आणि ३२ च्या टायरला मागे ५८, पुढे ५४ असे सुरू करा. मग दर फेरीला ३ पीएसआय उतरवत जा. वळणावर टायर लुळा वाटला किंवा खड्ड्यात रिम ठोकली गेली, की ३ वाढवा. तो तुमचा आकडा. टायरवर आणि रिमवर छापलेली मर्यादा कधीच ओलांडायची नाही. बिनहुकाच्या रिमला (जिच्या कडेला टायर अडकवणारा आकडा नसतो) तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही वरची हद्द आहे आणि तिच्यावर चालणारा टायरही तसा छापील असावा लागतो. हद्द ओलांडली तर टायर रिमवरून सुटू शकतो.

यासाठी दाबमापक असलेला उभा पंप हवाच. त्याचा मापक एक-दोन पीएसआयने चुकीचा असला तरी चालतो, दर वेळी तेवढाच चुकला म्हणजे झाले. प्रवासात छोटा हातपंप न्या. कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळी एका टायरपुरती असते आणि हा वायू ब्यूटाइल रबरातून हवेपेक्षा झपाट्याने झिरपतो; घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरा.

पंक्चर वारंवार होत असेल तर नवा टायर घेण्याआधी ट्यूबवरचे भोक वाचा. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चेमटली. भोक आतल्या, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटले असेल तर हातपंप मारताना व्हॉल्व्ह हलवला गेला. बाहेरच्या बाजूला एकच टोचल्याचे भोक असेल तर टायरच्या आतून कापूस फिरवा; अडकलेला काच-तुकडा कापूस पकडतो. तो न काढता नवी ट्यूब घातली की पुढच्या किलोमीटरला पुन्हा पंक्चर. चारांपैकी तीन कारणांना महागडा टायर काहीही करू शकत नाही.

टीपीयू, म्हणजे पातळ लवचीक प्लास्टिकची, ट्यूब ३५ ते ४० ग्रॅमची, साधी ब्यूटाइल ट्यूब शंभरच्या पुढे. टीपीयू घडी करून खिशात मावते, म्हणून सुटी ट्यूब म्हणून ती छान. पण तिला तिचेच ठिगळ लागते आणि रिम ब्रेकच्या उष्णतेला काही टीपीयू ट्यूबा चालत नाहीत, डब्यावर वाचून घ्या. लेटेक्स ट्यूब धावायला सुरेख, मात्र तिच्यात रोज हवा भरावी लागते. ट्यूबलेसचा खरा उपयोग कच्च्या रस्त्यावर, कमी हवेत. २८-३० च्या टायरला भोक बुजवणारा ३० ते ४५ मिलिलिटर द्रव घालावा लागतो, तो दोन ते चार महिन्यांत वाळतो आणि पुन्हा भरावा लागतो. हे करायचा कंटाळा असेल तर डांबरी रस्त्यावर चांगला टायर आणि साधी ट्यूब पुरे.

बसायची जागा: सीट आणि शॉर्ट्स

बूड दुखले की लोक जेलचे जाड कव्हर आणतात. अर्ध्या तासाच्या फेरीला ते बरे वाटते. तासाभराने मऊ जेल हाडांखालून सरकून मधल्या भागात वर येते आणि जिथे दाब नको तिथेच दाब पडतो. लांब पल्ल्याला कडक, पण योग्य रुंदीची सीट लागते.

क्रम असा ठेवा. आधी उंची. सीटवर बसा, पॅडल खालच्या टोकाला आणा आणि टाच पॅडलवर ठेवा; गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलता कामा नये. आकड्याने हवे असेल तर अनवाणी उभे राहून, भिंतीला पाठ लावून, पुस्तक दोन पायांमध्ये वर दाबून जमिनीपासून मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. हा आकडा म्हणजे सुरुवात. पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट उंच आहे, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा खाली आहे. एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच बदला आणि आधीच्या जागी टेपची खूण ठेवा. मग कल: सीट पाणसळीत, फार तर टोक दोन अंश खाली. त्याहून खाली केली तर अंग पुढे घसरते, भार हातांवर येतो आणि बोटे बधिर होतात. हातमोजे बदलून ती बधिरता जात नाही.

एवढ्याने भागले नाही तर रुंदी. कडक खुर्चीवर पन्हाळी पुठ्ठा ठेवा, त्यावर गुडघे थोडे वर घेऊन मिनिटभर बसा, उठा आणि बसायच्या दोन हाडांच्या खड्ड्यांचे मध्य मोजा. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी आली; जितके ताठ बसता तितके जास्त मिळवा. नेमकी हीच रुंदी मधल्या किमतीत मिळते. वरच्या किमतीत त्याच आकाराला कार्बनचे रूळ लागतात आणि शंभरेक ग्रॅम कमी होतात. बुडाला ते कळत नाहीत. त्रिमितीय छपाईच्या जाळीदार सीटा खरोखर वेगळ्या वाटतात हे मान्य, पण आकार चुकीचा असेल तर जाळीही चुकीच्याच जागी असते.

शॉर्ट्स ही दुसरी वस्तू जिच्यावर मन मोकळे करून खर्च करावा. पॅड जाड आहे का हे पाहू नका, घट्ट आहे का ते पाहा. हाडांखालच्या फोमची घनता प्रति घनमीटर ८० ते १२० किलो असेल तर तो तीन-चार तासांनीही दबून चपटा होत नाही. दुकानात अंगठ्याने जोरात दाबा. दुसऱ्या बाजूचे बोट सहज लागत असेल तर परत ठेवा. पॅडच्या मधोमध शिवण नसावी. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स कमरेला काचत नाही आणि पॅड जागचे हलत नाही, म्हणून लांब पल्ल्याला तीच. आत काहीही घालायचे नाही. अंतर्वस्त्राच्या शिवणीच सगळा घोटाळा करतात. धुताना उलटी करून थंड पाण्यात, फॅब्रिक कंडिशनरशिवाय, आणि सावलीत वाळवायची. एक सर्वोच्च दर्जाची घेण्यापेक्षा मधल्या दर्जाच्या दोन घ्या. ओलसर किंवा न धुतलेली शॉर्ट्स दुसऱ्या दिवशी चढवली की कोणताही पॅड पुरळ थांबवत नाही.

चेन: महाग वस्तू वाचवणारी स्वस्त वस्तू

चेनला पैसा कमी आणि लक्ष जास्त लागते. नव्या चेनच्या २४ सलग कड्या (आतल्या-बाहेरच्या मिळून), पिनेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरतात. स्टीलची पट्टी लावा. ३०६.३ झाले म्हणजे अर्धा टक्का झीज. ११ आणि १२ गतींच्या (म्हणजे मागे तेवढ्या चकत्या असलेल्या) चेनला हीच बदलायची वेळ. १० किंवा कमी गतींना पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०७ पर्यंत थांबता येते. त्यापुढे गेलात तर लांबलेली चेन कॅसेटचे दाते आपल्या मापाने कोरते आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते. वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. सर्वांत महागडी, पोकळ पिनेची चेन काही ग्रॅम वाचवते आणि आयुष्यात भर घालत नाही. तिच्या खालची घ्या.

तेल लावायची रीत: कोरड्या फडक्याने चेन पुसा, प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब, पॅडल अर्धा मिनिट उलटे फिरवा, काही तास थांबा आणि मग बाहेरचे सगळे तेल पुसून टाका. काम आतले तेल करते, बाहेरचे फक्त धूळ गोळा करते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

धुळीच्या रस्त्यावर मेण तेलापेक्षा सरस. नवी चेन आधी मिनरल टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा खळबळून कारखान्यातले ग्रीस पूर्ण काढा, शेवटी स्पिरिटमध्ये धुऊन वाळवा. ग्रीस राहिले तर मेण धरत नाही, आणि मेण ‘फसले’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे इथेच फसलेले असते. पॅराफिन मेण विजेच्या भांड्यात ८० ते ९५ अंशांना वितळवा. उघड्या ज्योतीवर कधीही नाही, ते पेट घेते. चेन बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटे, हलवत राहा. मेणावर साय धरू लागली की काढून टांगा आणि गार झाल्यावर एकेक कडी वाकवून मोकळी करा. कोरड्यात हे ३०० किलोमीटरच्या आसपास टिकते. पावसात भिजली तर त्याच दिवशी पुसा, नाहीतर सकाळी गंज दिसेल. जोडकडी पाहून घ्या, ११-१२ गतींच्या अनेक जोडकड्या कंपनीच्या सांगण्यानुसार एकदाच वापरायच्या असतात.

गिअर आणि ब्रेक

गिअर नीट पडत नाही म्हणून नवा संच घेणे हा सर्वांत महागडा गैरसमज. आधी आतली तार आणि बाहेरचे कव्हर दोन्ही बदला. कव्हरचे टोक चपटे कापले गेले असेल तर ते घासून गोल करा. मग मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ज्या पत्तीवर टांगलेला असतो ती पत्ती सरळ आहे का पाहा. सायकल उजव्या बाजूवर एकदा पडली तरी ती वाकते आणि कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर जुळत नाहीत. एवढे केल्यावर आठ-नऊ गतींचा साधा संचही खटकन पडतो.

नवी सायकल घेताना मधला संच घ्या. शिमानोच्या रस्त्याच्या सायकलींत तो १०५. त्याच्यावर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. वर जाल तसे वजन उतरते, काम तेच राहते. विजेवर चालणारे गिअर हाताची पकड कमजोर असणाऱ्याला किंवा सलग बारा-पंधरा तास चालवणाऱ्याला खरेच सोयीचे पडतात. तार ताणत नाही म्हणून जुळणी बिघडत नाही. इतरांना बॅटरी भारून ठेवायचे एक काम वाढते.

ब्रेकच्या बाबतीत पॅड हीच सुधारणा. कमी किमतीच्या रिम ब्रेकला चांगल्या रबराचे पॅड लावले की ओल्या रस्त्यावर फरक लगेच कळतो. रिम स्पिरिटने पुसा, पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण टोकदार सुईने काढा. डिस्क असेल तर चकतीवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे काही कोरले आहे का पाहा. त्या चकतीवर धातूमिश्रित पॅड लावले तर ती झपाट्याने झिजते. नवे पॅड बसवल्यावर ताशी २० वरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावा, मग ३० वरून दहा वेळा जरा जोरात. मधे पूर्ण थांबू नका. हे न केल्यास ब्रेक किंचाळतात आणि लोक नवा ब्रेक शोधायला निघतात. पॅडवर तेल लागले तर ते गेलेच समजा, म्हणून चेनचा स्प्रे डिस्कच्या आसपास वापरू नका.

हेल्मेट, दिवे, कुलूप

हेल्मेटची किंमत वाढते ती वजन, हवेची भोके आणि हवेतला आकार यांसाठी. अमेरिकेचे सीपीएससी मानक हेल्मेट सपाट ऐरणीवर २ मीटरवरून टाकून पाहते आणि डोक्यापर्यंत पोचणारा धक्का ३०० जीच्या (गुरुत्वाच्या ३०० पटीच्या) आत हवा म्हणते. युरोपचे ईएन १०७८ मानक २५० जीची मर्यादा ठेवते. मानकाचा शिक्का असलेले स्वस्त हेल्मेट आणि सर्वांत महागडे हेल्मेट दोन्ही याच चाचणीतून आलेले असतात. डोके तिरके आपटल्यावर बसणारा पीळ मात्र या चाचण्या मोजत नाहीत. त्यासाठी आतला सरकता थर, मिप्ससारखा, घ्यावा. तो आता मधल्या किमतीतही मिळतो. अमेरिकेतले व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तारे देते, ती यादी पाहून घ्या, किमतीची चिठ्ठी नंतर.

बसणे त्याहून महत्त्वाचे. पुढची कड भुवयांच्या दोन बोटे वर, कानाखाली पट्ट्यांचा नीट कोन, हनुवटीखाली एक बोट मावेल इतकी सैल. पट्टा न लावता मागची चकती घट्ट करून मान खाली घाला; पडले तर आकार चुकला. आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद, आतला फोम एकदाच चेपला जातो.

दिव्यांत ल्युमेनच्या आकड्यापेक्षा झोताचा आकार बघा. टॉर्चसारखा गोल झोत अर्धा प्रकाश आकाशात आणि समोरच्याच्या डोळ्यांत टाकतो. जर्मन वाहतूक नियमांप्रमाणे बनवलेल्या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो, म्हणून कमी ल्युमेनमध्येही रस्ता जास्त दिसतो. अंधाऱ्या रस्त्याला ४०० ते ८०० ल्युमेन पुरतात, पण सर्वांत तेज ठेवल्यावर बॅटरी किती तास चालते ते डब्यावर वाचा. मागचा दिवा नेहमी दोन ठेवा. बंद पडलेला मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. आणि घोट्याला चमकत्या पट्ट्या बांधा: वर-खाली होणारी चमक पाहून गाडीवाल्याला लांबूनच कळते की समोर सायकल आहे.

कुलपाच्या बाबतीत जाड तार म्हणजे फक्त समजूत; हातातल्या कटरने ती क्षणात तुटते. कडक पोलादाचा यू-लॉक घ्या, फ्रेम आणि मागचे चाक दोन्ही सामावतील इतकाच मोठा. आतली मोकळी जागा जितकी कमी तितकी पहार घालायला कठीण. चावी सपाट असावी. गोल नळीसारख्या चावीची काही कुलपे बॉलपेनच्या नळीने उघडतात हे २००४ मध्येच जगजाहीर झाले आहे.

बूट, पावसाळी जाकीट, गॉगल

क्लिपच्या बुटांनी पाय वर ओढून वेग वाढतो ही समजूत सोडा. त्यांचा फायदा असा की पाय दर वेळी त्याच जागी बसतो. रोजच्या वापराला दोन स्क्रूंची एसपीडी क्लीट (बुटाच्या तळाशी लागून पॅडलमध्ये अडकणारा तुकडा) बरी, तिच्यावर चालता येते. तीन स्क्रूंच्या शिमानो क्लीटमध्ये पिवळी ६ अंश हलू देते, निळी २, लाल मुळीच नाही. गुडघा दुखत असेल तर पिवळी. बुटाच्या तळव्यात कार्बन नसला तरी चालेल, बोटांना जागा मात्र हवी. लांब फेरीत पाय फुगतात, त्यामुळे बूट संध्याकाळी घालून पाहा.

श्वास घेणारे जलरोधक जाकीट पूर्ण किंमत वसूल करते ते थंड पावसात. उबदार पावसात जोर लावून चालवाल तर बाहेरून नाही तरी आतून घामाने भिजालच. जाकिटावरचे थेंब घरंगळायचे थांबले आणि कापड गडद होऊ लागले की ते फाटलेले नसते. वरचा लेप उतरलेला असतो. धुऊन, कंपनीने सांगितल्याप्रमाणे उष्णता देऊन किंवा लेपाचा फवारा मारून तो परत येतो. पूर्ण लांबीचे मडगार्ड कोणत्याही जाकिटापेक्षा जास्त कोरडे ठेवतात, आणि चेनही वाचते.

गॉगलची पॉलिकार्बोनेट काच स्वतःच अतिनील किरण अडवते. कारखान्यात वापरायचा सुरक्षा-गॉगल त्याच काचेचा असतो.

इथे हात आखडा

सिरॅमिक बेअरिंग: चांगल्या, स्वच्छ स्टीलच्या छऱ्यांमध्ये मुळात इतके कमी वाया जाते की वाचवायला एखादा वॉटही हाती लागत नाही. मोठ्या चाकांची डिरेलर-पिंजरी: तसेच. टायटॅनियमचे स्क्रू: जास्त आवळले की तुटतात आणि अर्धे आत राहतात.

कार्बनच्या उंच चाकांना आडवा वारा पकडतो. रिम ब्रेकची कार्बन चाके लांब उतारावर तापून खराब होऊ शकतात. त्या पैशांत २८ ते ३२ आऱ्यांचे, चांगल्या हबचे, हाताने बांधलेले अ‍ॅल्युमिनियमचे चाक येते. एक आरा तुटला तरी घरी पोचता येते.

पॉवर मीटर, म्हणजे पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारे यंत्र, सरावाचे आराखडे पाळणाऱ्यालाच लागतो. एकाच बाजूचा मीटर डाव्या पायाची ताकद दुप्पट करून दाखवतो, पाय असमान असतील तर आकडा खोटा. शिवाय दर फेरीआधी शून्य करून घ्यावा लागतो. त्याआधी छातीचा हृदयठोके-पट्टा घ्या. मनगटातले मापन हँडलच्या थरथरीत भरकटते.

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकेच आवळणारा पाना) मात्र या यादीत नाही, तो घ्याच. स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) आणि हँडलचे स्क्रू बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर मागतात. अंदाजाने आवळलेला कार्बनचा हँडलबार चिरतो आणि चीर बाहेरून दिसत नाही. कार्बनच्या सांध्यावर ग्रीस नको, खरखरीत पेस्ट लावा म्हणजे कमी आवळूनही घसरत नाही.

फरक पडला का, हे पाहायचे कसे

नवी वस्तू लावल्याच्या दिवशी सगळेच हलके वाटते, म्हणून मोजा. वारा नसताना, वाहने नसलेला, खाली सपाट होत जाणारा छोटा उतार निवडा. एका खुणेपासून पॅडल न मारता, तीच बसणूक ठेवून सायकल सोडा आणि ती जिथे थांबेल तिथे खडूने खूण करा. जुन्या टायरवर तीन वेळा, नव्यावर तीन वेळा, पुन्हा जुन्यावर तीन वेळा. तिसऱ्या गटाच्या खुणा पहिल्याशी जुळल्या तरच मधला निकाल खरा. नाहीतर वारा बदलला. चढासाठी घड्याळ चालत नाही, कारण तुमचा जोर रोज सारखा नसतो.

जुने घेताना

महागडे सामान हवेच असेल तर ते वापरलेले घ्या, पण सगळे नाही. क्रँक, हब, अ‍ॅल्युमिनियमची चाके, सीट ही बिनधोक. हेल्मेट, कार्बनचा हँडलबार, सीटपोस्ट आणि पुढचे चाक धरणारा काटा कधीही नाही: पडझडीचा इतिहास विकणारा सांगत नाही. नामांकित कंपनीची हुबेहूब नक्कल असलेले कार्बन हँडलही बाजारात असते, किंमत अविश्वसनीय वाटली तर अविश्वासच ठेवा. कार्बन फ्रेम उजेडात धरून क्रँकभोवती, पुढच्या नळीच्या सांध्याशी आणि चेन पडून घासते त्या जागी नखाने चाचपा. नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज मधेच भद्द झाला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. सीटपोस्ट सैल करून फिरवायला लावा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षे न हलवता ठेवला की गंजून एकजीव होतो आणि तो काढायचा खर्च सौद्यातून वजा करावा लागतो. चेनवर पट्टी ठेवा. ती एक टक्क्यापुढे गेली असेल तर चेन, कॅसेट आणि पुढच्या चकत्या अशा तिन्हींची किंमत कमी करून बोला.